सुरुंगयुद्धाचा डायोरामा : आधी माती ठरवा, मग सैनिक

शाडूवाली

पहिल्या महायुद्धातल्या बोगद्यांवर डायोरामा (एखाद्या प्रसंगाचं छोटं त्रिमितीय मॉडेल) करायचा आहे, काय काय लागेल, अशी विचारणा व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बऱ्याच जणांनी केली. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा धागाच काढते.

माझं म्हणणं असं आहे की खंदकाचा डायोरामा माणसांपासून सुरू केला तरी निभावतं, पण सुरुंगाचा, म्हणजे शत्रूच्या खाली बोगदा खणून स्फोटकं उडवण्याचा, मातीपासूनच सुरू करावा लागतो. जमीन कुठली हे ठरलं की हत्यार ठरतं. हत्यारावरून माणूस बसून काम करणार की आडवा पडून, ते ठरतं. लाकडी आधार किती, कपड्यांवर डाग कुठल्या रंगाचे, उजेड कसला, सगळं तिथून खाली येतं. आपल्याकडे बहुतेक जण आधी किट आणतात, सैनिक जोडून रंगवतात आणि मग त्यांच्या उंचीला पुरेल एवढा बोगदा कोरतात. सैनिक उत्तम असतात, पण बोगदा त्या युद्धातला राहत नाही.

ब्रिटिश बाजूचे दोन प्रदेश घेऊ, कारण त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

पहिला बेल्जियममधला फ्लँडर्स, म्हणजे ईप्र शहराचा परिसर आणि मेसिनची टेकडी. इथे वर पाण्याने भरलेली वाळू आणि तिच्या खाली निळसर करडी चिकणमाती. १९१५च्या फेब्रुवारीत जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स या कंत्राटदार-खासदाराच्या आग्रहाने रॉयल इंजिनिअर्सच्या (ब्रिटिश सैन्याच्या अभियंता दलाच्या) टनेलिंग कंपन्या, म्हणजे बोगदे खणणाऱ्या तुकड्या, उभ्या राहिल्या. त्यातले पहिले कामगार मँचेस्टरच्या गटारांचं काम सोडून थेट आघाडीवर आले होते. त्यांची पद्धत अशी : बोगद्यात तिरकी, साधारण ४५ अंशांत फळी टेकवायची, तिच्यावर पाठ टेकून पाय समोरच्या मातीकडे करायचे आणि अरुंद फावडं दोन्ही टाचांनी मातीत दाबायचं. फावड्याला टाच ठेवायला पायरी असते. ढेकूळ सुटलं की दुसरा माणूस ते हातानेच उचलून गोणपाटाच्या पिशवीत भरतो आणि तिसरा पिशव्या छोट्या ढकलगाडीवरून मागे नेतो. कुदळीचा ठोका नाही, त्यामुळे आवाज जवळजवळ नाही. जर्मन बाजू बराच काळ कुदळी वापरत राहिली, आणि हा फरक ऐकणाऱ्यांच्या कानाला लगेच कळायचा.

अशा बोगद्याची आतली उंची साधारण १.२ मीटर, रुंदी ७० सेंटीमीटरच्या आसपास. १/३५ प्रमाणात ती ३४ मिमी बाय २० मिमी होते. आपला उभा सैनिक याच प्रमाणात ४८-४९ मिमी भरतो. म्हणजे तो आत उभाच राहू शकत नाही. पट्टी घेऊन कागदावर हा चौकोन काढून बघा, डोक्यातलं चित्र तिथल्या तिथे बदलतं.

चिकणमाती ९ इंच पुढे खणली की लगेच लाकडी चौकट बसवायची : खाली आडवी फळी, दोन बाजूंना उभ्या, वर एक. खिळे नाहीत. एकतर ठोकल्याचा आवाज शत्रूला जाईल, आणि दुसरं म्हणजे ही माती हवा लागली की फुगते आणि चौकट आपोआप आवळून धरते. म्हणून मॉडेलमध्ये फळ्या एकमेकींना घट्ट चिकटून, सलग भिंतीसारख्या लावा. मध्ये मोकळ्या जागा सोडून खाणीसारखे खांब उभे करू नका. ९ इंची फळी १/३५ मध्ये साडेसहा मिमी येते आणि कॉफी ढवळायच्या लाकडी पट्ट्या जवळपास त्याच रुंदीच्या मिळतात. खिळ्यांची डोकी रंगवायचा मोह टाळा.

दुसरा प्रदेश फ्रान्समधला सोम. वर तपकिरी माती, खाली पांढरा खडू, म्हणजे मऊ चुनखडक. ला ब्वासेल गावाजवळ १ जुलै १९१६ रोजी सकाळी ७ वाजून २८ मिनिटांनी लॉकनगर सुरुंग उडाला. दोन ढिगांत मिळून ६०,००० पौंड, म्हणजे २७ टनांच्या आसपास अमोनल हे स्फोटक. त्या बोगद्याचं शेवटचं काम कसं झालं याचं वर्णन मॉडेल करणाऱ्याला सोन्याहून मोलाचं आहे. माणसं अनवाणी. जमिनीवर वाळूच्या रिकाम्या पिशव्या अंथरलेल्या. हत्यार म्हणजे लांब दांडा बसवलेली संगीन. तिचं टोक खडूच्या फटीत घालून पिरगाळायचं, सुटलेला तुकडा दुसऱ्या हातात झेलायचा आणि अलगद खाली ठेवायचा. बोलणं कुजबुजून. बोगदा साडेचार फूट उंच, अडीच फूट रुंद, आणि २४ तासांत प्रगती दीड फूट.

एकाच सैन्याचे, एकाच वर्षाच्या आगेमागे खणलेले हे दोन बोगदे. एकात माणूस पाठीवर रेलून पायांनी काम करतो आहे, दुसऱ्यात गुडघ्यांवर बसून संगिनीने. एकात कपडे निळसर राखाडी चिखलाने ओले, दुसऱ्यात पिठासारखे पांढरे. किटमधला फावडंवाला शिपाई यांपैकी कुठेच चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मला फार तळमळून सांगावंसं वाटतं : चेहरे. किटमधली डोकी विशीतल्या पोरांची असतात. टनेलर, म्हणजे बोगदे खणणारे, मात्र बऱ्याचदा चाळिशी ओलांडलेले खाणकामगार आणि गटारकामगार होते. विल्यम हॅकेट हे नाव शोधा. पायदळाने वयामुळे नाकारलेला माणूस, १९१६च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या जिवांशीजवळ भूमिगत अडकला तेव्हा ४३ वर्षांचा. सुटकेचं भोक पडल्यावर त्याने तिघांना बाहेर काढलं आणि जखमी सोबत्याला सोडून यायला नकार दिला. दोघेही आजतागायत तिथेच गाडलेले आहेत. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डोक्यावर एपॉक्सी पुट्टीचा कणभर थर देऊन गालफडं ओढा, मिशा जाड करा, कानशिलावर करडा रंग लावा. त्या माणसांचं वय दिसणं हा अचूकतेचाच भाग आहे.

साहित्याचं खाली विचाराल तसं लिहीन.

ब्रश_००

ताई, वाचनखूण साठवली. ३४ बाय २० मिमीचा चौकोन खरंच काढून बघितला आणि अर्धवट झालेला बोगदा बाजूला ठेवला.

दोन शंका. एक, एवढ्या अरुंद बोगद्यात बघणाऱ्याला दिसणार काय? दोन, मेसिनचे बोगदे २५-३० मीटर खोल होते ना? तेवढी खोली १/३५ मध्ये दाखवायची तर टेबलच पुरणार नाही.

शाडूवाली

@ब्रश_००, पहिल्या शंकेचं उत्तर म्हणजे उभा छेद. बोगदा लांबीच्या दिशेने कापायचा आणि बघणाऱ्याकडची भिंत काढून टाकायची. आत तीन माणसं एका ओळीत : खणणारा, पिशवी भरणारा, गाडी ओढणारा. लांबी ३० सेमी पुरते. कापलेल्या मातीचा पृष्ठभाग मात्र मी मुद्दाम सपाट ठेवते आणि एकाच मंद रंगाने रंगवते, पोत देत नाही. बघणाऱ्याला कळायला हवं की ही कापलेली बाजू आहे, नैसर्गिक कडा नाही.

दुसरी शंका खरी अवघड. मेसिनच्याच स्पानब्रुकमोलन या सुरुंगाचा स्फोटकांचा कक्ष २७ मीटर खोल होता. १/३५ मध्ये ते ७७ सेमी होतात, १/७२ मध्ये ३७ सेमी. खोली दाबून वर खंदक, खाली लगेच बोगदा असं दाखवलेलं मी तरी मान्य करणार नाही. बघणारा त्यातून चुकीचं शिकतो. दोन मार्ग आहेत. १/७२ घ्या आणि उभा, उंच डायोरामा करा : वर खंदक, मग ओल्या वाळूतून जाणारा पोलादी कड्यांचा शाफ्ट (विहिरीसारखा उभा खड्डा), मग मातीत शिरल्यावर लाकूड. माणसं इवलीशी दिसतील, आणि खोलीचा धाक तिथेच आहे. नाहीतर १/३५ मध्ये जमिनीचा वरचा भाग पूर्ण सोडून द्या आणि फक्त बोगदा दाखवा.

ब्रश_००

सपाट रंगाचं पटलं नाही. मी कापलेल्या बाजूवरही थर दाखवतो, दगड, मुळं, पाण्याचे ओघळ. नजर तिथे रेंगाळते.

शाडूवाली

रेंगाळते, म्हणूनच मी टाळते. नजर माणसांवर जायला हवी. पण १/७२च्या उभ्या छेदात थर दाखवणं गरजेचंच आहे, तिथे तुमचं बरोबर.

भूस्तर

भूशास्त्राचा माणूस असल्याने राहवत नाही.

फ्लँडर्सच्या मातीचा रंग हा तेव्हा सौंदर्याचा प्रश्न नव्हता, जिवाचा होता. वरची माती तपकिरी-पिवळसर आणि खोलवरची निळसर करडी. निळी माती उघड्यावर दिसली की शत्रूच्या विमानाला कळणार, इथे कोणीतरी खूप खोल खणतंय. म्हणून ती पिशव्यांतून मागे नेऊन लपवायची. तुमच्या डायोरामात वरचा भाग असेल तर खंदकाच्या कडेला निळा ढीग अजिबात ठेवू नका. निळ्या मातीच्या पिशव्या झाकलेल्या किंवा दुसऱ्या मातीखाली दडपलेल्या दाखवा. हा बारकावा कोणी ओळखला तर तो माणूस तुमच्याशी तासभर बोलेल.

ओली वाळू हा त्या जागेचा मुख्य अडथळा. तिच्यातून शाफ्ट नेला की पाणी आणि वाळू एकत्र आत येते. म्हणून तिथे पोलादी कडी एकावर एक बसवत खाली जायचं. मातीचा थर लागला की पाणी थांबतं. ऑस्ट्रेलियन तुकडीसोबत आलेले एजवर्थ डेव्हिड हे नावाजलेले भूशास्त्रज्ञ याच कामात होते, बोअर घेऊन थरांची खोली काढायचे.

सोमच्या खडूत गारगोटीसारखे काळपट करडे गोटे असतात, बाहेरून पांढरी साल. संगीन त्यावर आपटली की आवाज. खडूची भिंत करताना असे चार-दोन गोटे जरूर बसवा. आणखी एक, खडूतून कुदळीचा ठोका चिकणमातीपेक्षा खूप लांब ऐकू जातो. तिथे एवढी अनवाणी शांतता का पाळायची, त्याचं कारण हेच.

शाडूवाली

@भूस्तर, मनापासून आभार. निळ्या पिशव्या झाकण्याचं मी १/७२च्या कामात नक्की घेणार.

साहित्य विचारलं होतं काहींनी. थर्माकोलचे मणी सुटतात, एक्सपीएस हा घट्ट, मणी नसलेला फोम घ्या. चिकणमातीसाठी त्यावर दोन-तीन मिमी एपॉक्सी पुट्टी, आपलं साधं एम-सीलही चालतं. ओली असताना पातळ पत्र्याच्या पट्टीने फावड्याचे काप उमटवा : गुळगुळीत, किंचित अंतर्वक्र, एकाखाली एक. शाडू दिसायला सुंदर, पण वाळताना तडकते आणि ही जागा कधी वाळलेली नसायची. शेवटी अर्धचकाकी वार्निश. पूर्ण चकाकी दिली की प्लास्टिक दिसतं. खडूसाठी पीओपी, अर्धवट घट्ट झाल्यावर सुरीच्या टोकाने पिरगाळून तुकडे काढा. हत्यार बसतं तशीच खूण उमटते, वेगळा पोत द्यावा लागत नाही.

उजेड मेणबत्तीचा. सर्वांत लहान एसएमडी एलईडी, पिवळट पांढरा, आणि त्याला मोठा रेझिस्टर लावून निम्म्याहून कमी तेज. मेसिनच्या मोठ्या बोगद्यांत पुढे विजेचे दिवेही होते, पण मातीच्या तोंडाशी मेणबत्ती जास्त खरी वाटते. पेटीची आतली बाजू पूर्ण मॅट काळी करा.

सॅपर_निवृत्त

खडकीला नोकरीचा बराच काळ गेला, म्हणून आपल्या माणसांबद्दल दोन शब्द.

पश्चिम आघाडीवर सुरुंगांचा पहिला मोठा तडाखा बसला तो हिंदी सैन्याला. २० डिसेंबर १९१४, जिवांशी-फेस्तुबेरचा भाग. जर्मनांनी सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली दहा छोटे सुरुंग उडवले आणि पाठोपाठ हल्ला केला. या धक्क्यानंतरच ब्रिटिशांकडे बोगदे खणणाऱ्या खास कंपन्यांचा विचार वेगाने पुढे गेला. त्या खंदकांत गुरखे होते, बलुच पलटण होती. कडाक्याची थंडी आणि चिखल.

आणि आपल्या खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंता दलाच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या त्याच्या आधी, २८ ऑक्टोबर १९१४ला, न्यव्ह शापेल गावात ४७व्या शीख पलटणीसोबत पायदळासारख्या लढल्या. जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी पडले. त्या कंपन्यांत मराठे, शीख, मुसलमान असे जवान असत. नावात मायनर्स असलं तरी तो प्रसंग बोगद्याचा नव्हे, गल्लीबोळातल्या लढाईचा आहे. या विषयावर मॉडेल केलेलं मी कुठे पाहिलेलं नाही. कोणी तरुणाने मनावर घ्यावं.

शाडूवाली

काका, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. २० डिसेंबरचा प्रसंग करायचा तर मी स्फोटानंतरचा क्षण घेईन. १९१४ असल्याने पोलादी शिरस्त्राणं कुठेही नकोत, ती पुढच्या काळातली. डोक्यावर पगड्या आणि गुरख्यांच्या हॅट, अंगावर ओव्हरकोट असतील तर चिखलाने जड झालेले. सुरुंग लहान होते, त्यामुळे लॉकनगरसारखा दरीएवढा खड्डाही नको.

घाटमाथा

वाट बघत होतो कोणी घरचा विषय काढतंय का. सातारा, १७००. औरंगजेबाचा अजिंक्यताऱ्याला वेढा, किल्लेदार प्रयागजी प्रभू. एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्याने तट फुटला, आतली माणसं गेली, प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळला, तो थेट चढाईसाठी दबा धरून बसलेल्या मोगल फौजेवर. दोनेक हजार माणसं मेल्याचं सांगतात. मला दुसरा स्फोट करायचाय, दगड हवेत उडताना. कापूस आणि तार वापरून धूर करता येईल?

भूस्तर

मेसिनचं काहीही इथे आणू नका, एवढं आधी सांगतो. सह्याद्रीचा किल्ला म्हणजे काळ्या पाषाणाचे आडवे थर आणि मधूनमधून मऊ लालसर मातीचे पातळ थर. अखंड कातळात फळ्यांच्या चौकटी लागत नाहीत. पहार, छिन्नी, घण आणि दगडाचा चुरा.

शाडूवाली

@घाटमाथा, विषय सुंदर आहे आणि व्हायलाच हवा. पण स्फोटाचा क्षण नका घेऊ. हवेतला दगड तारेवर टांगलेलाच दिसतो, कितीही कौशल्य असलं तरी. त्याऐवजी अर्धा तास आधीचा क्षण घ्या. वर तट, त्याच्या पायाशी सुरुंगाचं काळं तोंड, दारूच्या पिशव्या आत गेलेल्या, आणि तटाखाली अगदी जवळ, फार जवळ, दाटीवाटीने बसलेली चढाईची फौज. कोणी ढाल पुसतोय, कोणी वर बघतोय. गोष्ट माहीत असलेल्या मराठी माणसाचा श्वास तिथेच अडकेल. फौज तटापासून किती अंतरावर ठेवता, त्यावर सगळा डायोरामा तोललेला आहे. १/७२ मध्ये १०-१२ सेमीच्या आत ठेवा.

पहिल्या महायुद्धातला अमोनल आणि इथली काळी दारू यांची गल्लत होऊ देऊ नका. इथे पत्र्याचे डबे नकोत, विजेच्या ताराही नकोत. बत्तीच.

घाटमाथा

अर्धा तास आधी. हे डोक्यात बसलं. तटाच्या पायथ्याचं रेखाटन करून टाकतो इथे.

गेंटकर

बेल्जियममध्ये राहतो, मेसिन इथून गाडीने फार लांब नाही. ७ जून १९१७च्या पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी १९ सुरुंग उडाले, त्यातल्या स्पानब्रुकमोलनच्या खड्ड्यात आज तळं आहे. काठावर उभं राहिलं की २७ मीटर म्हणजे काय ते अंगावर येतं. न उडता राहिलेल्या सुरुंगांपैकी एक १९५५ मध्ये विजांच्या वादळात उडाला, एक गाय मेली.

संदर्भासाठी फोटो शोधणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की फ्रान्समधल्या विमीला पर्यटकांना दाखवतात तो ग्रेंज बोगदा पायदळाला आघाडीपर्यंत नेण्यासाठी होता. त्यात माणूस उभा चालतो. फ्रान्समधल्याच आरास शहराच्या वेलिंग्टन खाणीचंही तसंच, तिथे तर न्यूझीलंडच्या टनेलरांनी जुन्या दगडखाणी जोडून हजारो सैनिकांची सोय केली. त्या फोटोंवरून सुरुंगाचा बोगदा केला तर माप चुकणारच. हॅकेटचं आणि टनेलरांचं स्मारक जिवांशीला आहे, २०१०चं.

ब्रश_००

हाच घोटाळा व्हिएतनामच्या कू चीबाबत होतो. तिथले काही भाग पर्यटकांसाठी रुंद केलेले आहेत आणि सगळे त्याच फोटोंवरून मॉडेल करतात. मूळ बोगदे त्याहून कितीतरी अरुंद. शिवाय तिथली लालसर जांभ्यासारखी माती वाळली की दगडासारखी होते, लाकडी आधार जवळपास नकोतच.

एक विचारायचं राहिलं. शांतता कशी दाखवायची? खणणारे तिघे झाले, पण ऐकणारा माणूस मला फार हवाय.

शाडूवाली

ऐकणाऱ्याचं यंत्र म्हणजे जिओफोन. दोन लाकडी तबकड्या, आत पारा आणि अभ्रकाच्या चकत्या, आणि प्रत्येकीची नळी एकेका कानाला, स्टेथोस्कोपसारखी. दोन्ही जमिनीवर ठेवून एक हलवत राहायची, आवाज दोन्ही कानांत सारखा आला की थांबायचं आणि होकायंत्राने दिशा घ्यायची. स्प्रूची (किटमधले सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या दांडीला जोडलेले असतात तिची) गोल चकती कापून तबकड्या होतात, नळीसाठी मऊ तांब्याची बारीक तार. माणसाला मांडी घालून किंवा कुशीवर बसवा, तोंड मिटलेलं, डोळे कशावरही न रोखलेले. जवळ पेन्सिल आणि वही. त्याच्या मागे कोणी असेल तर तो अर्ध्या हालचालीत थांबलेला हवा. हात पिशवीवर, पण पिशवी उचललेली नाही. मी असा माणूस एकदा केला. रंगापेक्षा मानेचा कोन जमवण्यात जास्त वेळ गेला. मान जराशी पुढे आणि खाली हवी, वर उचलली की तो विचारात पडलेला वाटतो.

कॅनरीचा पिंजरा ठेवणार असाल तर ऐकण्याच्या जागी नको, स्फोटानंतरच्या बचावाच्या प्रसंगात ठेवा. कार्बन मोनॉक्साइड ओळखायला कॅनरी आणि उंदीर नेत. बचाव पथकाच्या अंगावर प्रोटो हा श्वसनसंच : छातीवर श्वासाची पिशवी, मागे प्राणवायूची नळकांडी, नाकाला चिमटा.

गेंटकर

स्फोटकांचा कक्ष कोणी करतंय का? डबे किती दाखवायचे?

शाडूवाली

स्पानब्रुकमोलनला ९१,००० पौंड अमोनल होतं. ५० पौंडी डब्यांचा हिशेब केला तर १८२० डबे. सगळे करण्यात अर्थ नाही. पुढच्या दोन रांगा नीट करा, मागचे अंधारात सोडा. अमोनलला ओल चालत नाही म्हणून डबे जलरोधक, त्यांची झाकणं घट्ट बंद दाखवा, एकही उघडा नको. डबे रचून झाले की बोगदा मागे पिशव्यांनी बंद करत यायचं, मध्ये मध्ये हवेची पोकळी सोडून, म्हणजे स्फोटाचा जोर मागे न येता वर जातो. उभ्या छेदात हे फार छान दिसतं : पिशव्या, पोकळी, पुन्हा पिशव्या, आणि त्यांतून जाणाऱ्या तारा. तारा एकापेक्षा जास्त ठेवा. एक तुटली तर दुसरी, अशी सोय असायचीच.

आणि डायोरामाच्या नावपट्टीवर नुसतं 'पहिलं महायुद्ध' लिहू नका. जागा, महिना आणि वर्ष, कंपनी, जमिनीचा प्रकार, खरी खोली, मॉडेलचं प्रमाण, एवढं हवंच. @घाटमाथा, रेखाटन टाकाल तेव्हा तटाची उंची आणि फौजेचं अंतर दोन्ही मिमीमध्ये लिहून टाका, मग बोलू.